तीनदा पट्टी

(मुलुंडचं एक खाजगी नर्सिंग होम, १९८५. पुरुषांचा वॉर्ड. मालन तिथली आया, गुणाजी नऊ नंबरच्या खाटेवरचा पेशंट, लीलम्मा केरळहून परवाच रुजू झालेली नर्स.)

मालन : खुर्चीत बसून नुसती सही ठोकली त्यानं! अठरा वर्षं या वॉर्डातलं गू-मूत काढलं मी, आणि ऑफिसातला साहेब म्हणतो, शिवीगाळ केलीस, उद्यापासून येऊ नकोस. कसली शिवी? एका शब्दानं विचारलं नाही मला. गुणाजीभाऊ, परत वाचा ती चिठ्ठी.

गुणाजी : तेच आहे, मावशी. ‘नवीन नर्सला भर वॉर्डात तीनदा अर्वाच्य शिवी दिली.’ कुठली शिवी, ते नाही लिहिलेलं. संपात मला गिरणीनं काढलं, ते पण असंच. चिठ्ठीवर.

मालन : ती बघा आली. ओ सिस्टर! काय बोलले मी तुमाला? माझ्या डोळ्यांत बघून सांगा.

लीलम्मा : आप जानती है.

मालन : नाय जानती! देवाशपथ!

लीलम्मा : वह शब्द मैं नहीं बोलेगी. तीन बार बोला आपने. सब पेशंट के सामने.

गुणाजी : अहो, काल सकाळी माझे टाके उसवले. धार लागली रक्ताची. ही बाई पदर दाबून बसली होती माझ्या पोटावर. शिव्या द्यायला फुरसत कुणाला होती?

लीलम्मा : उसी समय बोला! मैं मनुष्य है. मैं वह नहीं है... भौ! भौ! वह!

मालन : कुत्रा? मी कुत्रा म्हटलं?

गुणाजी : छ्या! मी तिथंच तर पडलो होतो. एकच घोशा होता तुमचा, मावशी. पट्टी आणा, पट्टी, पट्टी.

लीलम्मा : देखो! इसने भी बोला!

मालन : काय बोलला तो?

लीलम्मा : पट्टी! हमारी मलयालम में पट्टी... कुत्ता.

मालन : अगं बाई!... थांब. इकडे बघ. ह्यांच्या पोटाला गुंडाळलीय ना, ही. ही पट्टी. आमच्यात हिला पट्टी म्हणतात गं.

लीलम्मा : यह? बँडेज?

मालन : होय.

लीलम्मा : दैवमे... इनका खून बह रहा था. आप बँडेज माँग रही थी. और मैं रोते-रोते ऑफिस चली गई?

गुणाजी : गेलोच असतो की मी. त्या कुत्र्यापायी.

लीलम्मा : मैं अभी जाके बोलेगी. गलती मेरी.

मालन : तुझी कसली, पोरी? तू परवा उतरलीस मुंबईत. तो साहेब पार्ल्यात जन्मला, माझ्याशी मराठीत बोलतो. मालननं नेमका कुठला शब्द वापरला, एवढं तुला विचारायचं होतं. तेवढ्यापुरतं तोंड उघडलं नाही त्याचं! गुणाजीभाऊ, त्याच चिठ्ठीच्या मागे लिहा. उत्तर आजच पाहिजे म्हणावं.

गुणाजी : काय लिहू? माफी?

मालन : माफी गेली खड्ड्यात. लिहा, साहेब, तुमच्या पोराचा गुडघा फुटतो, तेव्हा बायकोला काय आण म्हणून ओरडता?