आत कोणी आहे का?

...नाही, पण मी काय म्हणतो, माणसानं स्वतःच्या खोलीत शिरताना दार का वाजवायचं? सांगा ना! खोली माझी, दार माझं, आतला पंखा मी स्वतः स्टुलावर चढून बसवलेला, आणि रोज सकाळी मी बाहेर उभा राहून दोन बोटांनी दार वाजवतो, घसा खाकरतो, आणि हळूच म्हणतो, "येऊ का? शर्ट घ्यायचाय..." कोणाला विचारतो? विमानाला! वीतभर विमानाला! तुम्हाला सांगतो, मी बोलणारा माणूस नाही. न्हाव्यानं कान कापला तरी 'छान झालंय' म्हणून खुर्चीवरून उठणारा मी. पण आज बोलणार, कारण घरात आता माझं कोणी ऐकत नाही, सगळे त्याचं ऐकतात. आणि मला... मला फक्त एक विमान बनवायचं होतं हो!

मुळात मी कामाला कुठे, तर कोल्ड स्टोरेजमध्ये. शाळा आठवीतच सुटली, तेव्हापासून तिथेच. बाहेर लोक घामानं निथळतायत आणि आम्ही आत जाड कोट घालून खोकी रचतोय, भिंतीवर बर्फाची बुरशी, तोंडातून वाफ, आणि दरवाजा असा, की एकदा लागला की आतल्याचा आवाज बाहेर येत नाही. म्हणून आमच्याकडे नियम. दार लावण्याआधी ओरडायचं, "आत कोणी आहे का?" आमचे सुपरवायझर म्हणजे आवाज असा की बर्फाला तडा जाईल, ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "ए पोरा, हाक मारलीस आणि उत्तर आलं नाही, म्हणजे आत कोणी नाही असं नसतं! आत जाऊन डोळ्यांनी बघायचं, मगच दार लावायचं! काय?" मी म्हटलं, हो साहेब. हे लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं, तुम्ही तरी ठेवा.

तर विमान. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक काका आहेत, त्यांचं छोट्या मॉडेलचं दुकान. खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग येतात, कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. आणि सोबत एक कागद, त्यावर नुसती चित्रं, एक अक्षर नाही! तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला छापलेलं काहीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात कळलं. कोणी वर डोकावून 'कळलं का?' असं विचारत नव्हतं. मी आणि माझं टेबल. अख्ख्या घरात तेवढंच माझं, खिडकीखालचं ते टेबल.

आणि नेमकी त्याच टेबलावर वहिनीची नजर! म्हणजे वहिनी वाईट नाही हो, नर्स आहे, देवमाणूस आहे, पण तिला आठवा महिना आणि पाळणा ठेवायला उजेडाची जागा हवी. दादा म्हणतो, "अरे, मिशा फुटल्या तुला, आणि खेळण्यातली विमानं काय चिकटवतोस? भंगारवाल्याला देऊ ते टेबल!" वहिनीनं मात्र न्याय केला. म्हणाली, "भावोजी, असं करू. ते दुकानवाले काका चांगलं काम शोकेसमध्ये लावतात ना? तुमचं विमान तिथे लागलं, तर टेबल तुमचं. पाळणा मी दुसरीकडे बघेन. नाही लागलं, तर रविवारी तिथे पाळणा." झालं! आता ते विमान म्हणजे माझ्या जागेचा खटला. मला फक्त एक विमान बनवायचं होतं हो!

पण नुसतं विमान शोकेसला लागत नाही. काका म्हणायचे, "विमानाच्या खाली जग पाहिजे." मग जग कुठलं करू? माझ्याकडे रद्दीतून आणलेली एक भयकथा होती. मी हळू वाचतो, ओठ हलवत, त्यामुळे ती माझ्यात जास्तच मुरलेली. बर्फात उतरलेलं विमान. बाहेर कोणीतरी हाका मारतंय, आवाज अगदी घरच्या माणसांचे. एकेक जण दार उघडून बाहेर जातो, बर्फात जाणारी पावलं दिसतात, येणारी दिसत नाहीत. शेवटी एकटा पायलट उरतो, तो काचेचं झाकण आतून लावून घेतो, आणि... आणि पुढची पानं फाटलेली! म्हटलं, हेच करायचं. बर्फ मला शिकवायला नको, तो मी रोज खांद्यावर घेऊन येतो. एका लाकडी पाटावर थर्माकोल कापून बसवला, प्लास्टर ओतलं, वरून खायचा सोडा चाळला, आणि काडीच्या टोकानं एकेक पाऊल उमटवलं. जाणारी. फक्त जाणारी.

आई चहा घेऊन आली. बघितलं, आणि तिचा चेहराच उतरला. "हे सगळे गेले कुठे रे?"

"माहीत नाही आई, पानं फाटलीत."

"म्हणजे शेवट माहीत नाही, आणि बनवायला घेतलंस?"

तेव्हा मी हसलो. आता नाही हसत.

मग राहिला पायलट. करंगळीच्या नखाएवढा, राखाडी प्लास्टिकचा, ना डोळे ना तोंड. रंगवायला म्हणून चिमट्यात धरला, जरा जोर जास्त पडला, आणि टुण्ण! गेला! कुठे गेला? जमिनीवर पालथा पडून शोधला, केरसुणीनं झाडून शोधला, टॉर्च लावून कपाटाखाली शोधला. सापडली काय, तर दादाच्या बाहीची हरवलेली गुंडी, एक जुना कंगवा आणि भरपूर कोळ्याची जाळी. पायलट नाही! आणि रविवार तर तोंडावर आलेला. म्हटलं, जाऊ दे, रिकामी खुर्ची जास्त भीतिदायक दिसते. विमानाचं काचेचं झाकण उचललं, कडेला झटपट चिकटणारा गोंद लावला, आणि बसवताना... हसू नका... रोजची सवय आहे हो, तोंडातून आपोआप निघालं, "आत कोणी आहे का?"

उत्तर नाही आलं. मी दार लावलं.

डोळ्यांनी बघितलं नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर धुकं. आतून! बाहेरून फडक्यानं पुसतो, जात नाही. अगदी आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये चष्मेवाल्यांच्या काचांवर येतं तसं, श्वासाचं. आईनं बघितलं आणि तोंडावर पदर धरला. "अरे, आत कोणीतरी श्वास घेतंय!"

"आई, आत कोणी नाही. पायलट तर बाहेरच कुठेतरी पडला."

"पडला, तर मग श्वास कोण घेतंय?"

दादा बोलायला वाघ, "काहीतरीच तुमचं!" म्हणाला, पण त्या दिवसापासून बाथरूमला जाताना माझ्या खोलीवरून जाणं बंद, गच्चीच्या जिन्यावरून वळसा घालून जातो. एक वहिनी तेवढी घाबरली नाही. टेप घेऊन आली, पाळण्याचं माप घ्यायला. पाट बाजूला करायला म्हणून तिनं विमान पाटासकट उचललं, आणि आतून आलं... टक. टक टक.

वहिनीनं विमान खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. "भावोजी, तुम्ही वाजवलंत?"

मी दाराशी. हात खिशात.

आणि संध्याकाळी कामावरून येऊन बघतो, तर काचेवरच्या धुक्यात एक गोल भोक. स्वच्छ. थंडीत गाडीच्या काचेवर आपण आतून मूठ फिरवून बाहेर बघतो ना... तसं. मला फक्त एक विमान बनवायचं होतं हो! बाहेर कोणी बघावं असं माझं काही म्हणणं नव्हतं!

कामावर मी सुपरवायझरना विचारलं, सहज विचारल्यासारखं, "साहेब, समजा, चुकून आत कोणी राहिलाच, तर काय करायचं?"

"दार उघडायचं, दुसरं काय!"

"आणि बरेच दिवस झाले असले तर?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं... "मग आधी चार माणसं बोलवायची, आणि मग दार उघडायचं."

माझ्याकडे चार माणसं कुठली? मी तसाच पाट कापडात गुंडाळून काकांच्या दुकानात नेला. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, बघितलं, आणि असे हसले, असे हसले, की मलाच माझी लाज वाटली. "अरे शहाण्या, काचेला तो गोंद लावतात का? त्याची वाफ धरते! साधा पांढरा गोंद लावायचा असतो. हे तुझं भूत!" मी म्हटलं, आणि टकटक? "तुझा पायलट, दुसरं कोण! चिमट्यातून उडाला तो थेट विमानाच्या पोटात, शेपटीत जाऊन बसला. वहिनीनं उचललं तसा खडखडला, घरंगळत पुढे आला, डोकं काचेला घासलं, तेवढं धुकं पुसलं गेलं. हा बघ, भोकातून दिसतोय!"

काय सांगू तुम्हाला! छातीवरचा दगड उतरला! म्हटलं, वा रे मी, वा रे आई, वा रे दादा! काकांनी पाट उचलून शोकेसपाशी नेला सुद्धा. "बर्फ झकास. पावलं झकास. मधल्या फळीवर लावतो." मधल्या फळीवर! टेबल वाचलं हो! मी तर डोळ्यांसमोर टेबलावरचे रंग परत मांडायला घेतले...

आणि काका भिंगातून बघत म्हणाले, "आणि चेहरा तर काय रंगवलायस रे! एवढ्याशा डोळ्यांत बाहुल्या! हात सरावलाय तुझा."

मी म्हटलं, "कोणाचा चेहरा?"

"पायलटचा."

"काका... पायलट रंगवायला घेतला, तेव्हाच उडाला."

"म्हणजे आधी एक हात मारला असशील."

"नाही काका. ब्रश बुडवलाच नव्हता. राखाडी होता तो. निव्वळ प्लास्टिक."

काकांनी पुन्हा भिंग लावलं. बघितलं. मग झोपलेल्या माणसाच्या उशाशी काही ठेवावं तसं हळूच भिंग खाली ठेवलं, माझं कापड पुन्हा पाटावर नीट पांघरलं, आणि म्हणाले, "घरी घेऊन जा हे."

"पण शोकेस..."

"शोकेसची काच बदलायचीय."

"आज?"

"आज. आणि उद्याही."

परत आलो. हरलो होतो. वहिनीला म्हटलं, नाही लागलं शोकेसला, आणा पाळणा. आणि खरं काय ते सगळं सांगितलं, कारण खोटं बोलायला जेवढं बोलावं लागतं तेवढं मला जमत नाही. वहिनी काही हसली नाही. दवाखान्यात पेशंटच्या डोळ्यांत बघायचा तिचा छोटा टॉर्च असतो, तो घेतला, पोट सांभाळत वाकली, आणि त्या भोकातून उजेड टाकला. बंद केला. पुन्हा टाकला. पुन्हा बंद केला. मग टॉर्च खिशात ठेवायला गेली, तर खिसाच सापडेना.

"काय झालं वहिनी?"

"बाहुल्या लहान होतात, भावोजी. उजेड टाकला की."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मी फक्त दिसलं ते सांगितलं." आणि तशीच उलट पावली बाहेर गेली. दारातून म्हणाली, "पाळणा हॉलमध्ये राहील."

घ्या! खटला जिंकलो! टेबल राहिलं, खोली राहिली, खिडकी राहिली, फक्त मी राहिलो नाही. मी आता हॉलमध्ये, रिकाम्या पाळण्याच्या खाली चटई टाकून. तुम्ही म्हणाल, झाकण फोड ना! फोडतो! तुम्ही या, तुम्ही धरता का पाट? नाही ना? तीन माणसं अजून कमी पडतायत! मी तर रोज दाराशी उभा राहतो, साहेबांचं वाक्य आठवतो, आणि ओठांवर येतं, 'आत कोणी आहे का?'... पण विचारत नाही. आता मला उत्तर न येण्याची भीती नाही हो. उत्तर येईल, आणि आवाज माझाच असेल, याची आहे.

आणि घरचे? सरावले! दादा जिन्यावरून जातो, वहिनी खोलीपुढून जाताना दोन्ही हात पोटावर ठेवते, आणि आई... आईला काय, कोणाचीही दया येते! "परक्या ठिकाणी, बर्फात, एकटा, बिचारा..." खोलीतला पंखा बंद केला तिनं. आणि परवा बघतो तर माझं जाड पांघरूण, माझं, लहानपणापासूनचं, त्या विमानावर! चारी बाजूंनी नीट खोचलेलं, काच तेवढी उघडी ठेवलेली, त्याला बाहेरचं दिसावं म्हणून! मी म्हटलं, "आई, अगं मग मी काय पांघरू?"

तर मला म्हणते, "तुला काय रे मेल्या... तुला सवय आहे थंडीची!"