तान्हाबाईनं मूठ आवळली

मंडळी, या उद्धवच्या वागण्याला काय म्हणावं? आईला वृद्धाश्रमात ठेवलं, त्याला मी नावं ठेवत नाही. घरोघरी मातीच्या चुली. पण तिथं तिनं कसं राहायचं, हे तिला विचारायचं नाही? अहो, देव प्रसन्न झाला तरी आधी म्हणतो, काय हवं ते माग. न विचारता तोही देत नाही. मग लेक काय देवापेक्षा मोठा झाला?

ऐका. तान्हाबाई खमकी, पण अक्षरओळख नाही. दाखल करताना उद्धव म्हणाला, इथं अंगठा कर — केला. पोटचा पोर सांगतोय म्हटल्यावर वाचून कोण घेतं? तुमच्यात किती जणांनी घेतलंय? 

एका दुपारी तिची मैत्रीण शेवंता एसटीनं आली, फडक्यात भाकरी-ठेचा बांधून. तान्हाबाई खिडकीतून बघतेय, तर वॉचमननं शेवंताला फाटकातूनच माघारी लावलं. का? तर करारात लिहिलंय — मुलानं ज्यांची नावं दिली असतील त्यांनीच भेटायचं. उद्धवनं नाव दिलेलं एकच, स्वतःचं. अन् तो फिरकायचा दिवाळीला! शेवंताशिवाय दुसरं होतं कोण तिला मनातलं बोलायला?

वर्ष सरलं. करार नवा करायला उद्धव आला. आश्रमाच्या साहेबांनी शाईचं पॅड पुढं सरकवलं. तान्हाबाईनं मूठ आवळली. म्हणाली, आधी वाचून दाखवा.

उद्धव भडकला. इथनं काढलं तर जाशील कुठं, म्हणाला. तिच्या घरात तर त्यानं भाडेकरू ठेवलेला. तिलाही वाटलं, खरंच, जाणार कुठं? पण मूठ सुटली नाही. तेव्हा लेकानं आईचं मनगट धरलं अन् एकेक बोट उकलायला लागला.

साहेब उठले. हात सोडा, म्हणाले, जबरीचा अंगठा मी घेणार नाही. मग तिच्याजवळ खाली बसून सगळं वाचलं. भेटीचं कलम आलं तशी ती म्हणाली, "हे खोडा. मी इथं राहायला आलेय, कैदेत नाही."

साहेबांनी खोडलं. तिनं अंगठा दिला.

आता तुम्ही. कुणी म्हातारीला खुर्ची देऊ का विचारलं की "तिला खालीच बरं वाटतं" म्हणून मधेच बोलता ना? मग हे तुम्हालाही आहे.

उद्धव तणतणत निघाला. तान्हाबाईनं दारातनं हाक मारली —

"उद्धवा, पुढच्या खेपेला आलास की फाटकावर थांब अन् आत निरोप धाड. तुला भेटायचं का नाही, ते मी ठरवीन."