बघायचा राहिलेला प्लग

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. एक आजोबा खिडकीपाशी खाटेवर बसलेत. आयुष्यभर गाड्या दुरुस्त करणारे. कालच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. वाकायचं नाही, घराबाहेर पडायचं नाही. दुसऱ्या गावाहून त्यांच्या चौदा वर्षांच्या नातीचा फोन येतो. तिचं बोलणं आपल्याला ऐकू येणार नाही. आजोबांचं येईल.

हॅलो? … कोण, ठमी? … रडतेयस का? … सर्दी झालीय? बरं, सर्दीच म्हणू.

चार वाजता? भंगारवाल्याचा ट्रक, आजच? … हो, हो… अगं ऐक ना, आईवर चिडू नकोस. आठ महिने ती गाडी शेडमध्ये उभी आहे. धुणं वाळत घालायला गेली की रोज समोर तीच. बाबा गेल्यापासून… असू दे. आई नेमकं काय म्हणाली? … 'चारच्या आत नीट चालली तर राहील.' बघ, अजून पुरतं नाही म्हणालेली नाही. आत्ता किती वाजले? … अडीच. पुष्कळ झाले.

शेडचं दार उघडं आहे? धूर कोंडायला नको. … केस बांधलेस? … चावी आई फिरवेल, तू इंजिनाच्या पट्ट्यांपासून हातभर लांब. हे पहिलं, बाकीचं मग.

आता सांग, होतंय काय? … सुरू होते, पण वेग दिला की खडखडते. हं. झोपाळा कधी ढकलायचा, ठाऊक आहे ना? … बरोबर, मागे येऊन थबकला की. आणि तो येत असतानाच ढकलला तर? … मनगट दुखतं. शाबास. इंजिनातली ठिणगी म्हणजे तसाच धक्का. तो कधी द्यायचा, हे बाबाने बाहेरून आणून बसवलेला तो काळा डबा ठरवतो. कंपनीचा चांगला कॉम्प्युटर काढला आणि हा बसवला. … हो गं, हौसच दांडगी माझ्या लेकाची.

लॅपटॉप जोडलास? … ठिणगीची वेळ दहा अंशांवर बांधून टाक. कुलपाचं चित्र असेल बघ. … हां. आता आईला चावी फिरवू दे, आणि टायमिंग लाईटचा, त्या लुकलुकणाऱ्या दिव्याचा झोत इंजिनाच्या खालच्या चाकावरच्या पांढऱ्या खुणेवर धर. … दहावर? छान. आईला म्हणावं, हळूहळू वेग वाढव. … सरकली? कितीवर? … सोळा? अगं, आपण बांधून ठेवलीय, ती सरकायलाच नको. पुन्हा बघ. … पुन्हा सोळा. बंद करा गाडी.

बाबाची वही आहे तिथे? … वाच. … बॅटरी, टिक. अर्थिंग, टिक. … डब्यात भरायचा, खूण जुळवायचा आकडा किती वेळा बदललाय? … अकरा? नीट मोज. … अकरा. शेवटची तारीख? … म्हणजे दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी.

नाही, आहे मी इथेच. पुढे वाच. … काय? … परत वाच. 'सेन्सरचा प्लग अण्णांनी जोडलाय. बघायला नको.' … अण्णा म्हणजे मीच गं. … त्याच्यापुढे टिक आहे? … नाही.

…

ठमे, बॅटरीची तार काढ. मग चाक कुठवर फिरलं ते डब्याला कळवणाऱ्या त्या सेन्सरचा प्लग उघड. दोन तारा असतील. पहिल्या जागी कुठला रंग? … तपकिरी? उजेडात नेऊन बघ. … डब्याच्या तारांच्या नकाशात काय दिलंय? … लाल.

तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मला तेव्हा दोन्ही रंग सारखेच दिसायचे. मोतीबिंदू. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या उघडल्या, आता रंग ओळखू येत नाही हे कुणाला सांगू? बसवल्या अंदाजाने. तारा उलट्या लागल्या की डब्याला चाकाचा दात उलटा दिसतो, वेग वाढेल तशी चूक वाढते. आणि बाबा आपला स्वतःचेच आकडे खोडत बसला. अकरा वेळा. … नको, माझी समजूत घालू नकोस. वेळ कमी आहे.

तारांच्या टोकाच्या पिना बारीक स्क्रू-ड्रायव्हरने सोडव. ओढाताण नको. … बदलल्यास दोन्ही तारांच्या जागा? बॅटरी जोड, आईला सांग. … खूण कुठे? … चौदावर. वेग वाढवा. … अजून. … हलत नाही? … हलत नाही.

पुन्हा सर्दी? थांब, काम संपलेलं नाही. जुळवायचा आकडा चारने बदल. … अठरावर गेली? मग उलट्या बाजूने. … दहा. आता कुलूप काढ, आणि फोन जवळ धर. …

… हो. ऐकतोय. … हाच आवाज हवा होता त्याला.

आई काय करतेय? … स्टिअरिंगवर हात ठेवून बसलीय? बंद पण करत नाही? बसू दे तिला तशीच. … भोंगा कसला? … आला ट्रक? जा, जा तू… नाही, थांब. ठमे, एक विचारू? बाबा कधी म्हणाला होता का, माझ्या कामाबद्दल, काही… हॅलो? … ठमे? … हॅलो?

इंजिनाच्या आवाजात तिला ते ऐकूच गेलं नाही. फोन मडगार्डवर ठेवून तिने वहीतल्या त्या एका ओळीपुढे टिक केली, पेन खिशात खोचलं, आणि फाटक उघडून ट्रकवाल्याला परत पाठवायला गेली.