काळ्या रानात खो-खोचं मैदान

माझं माहेर पालमकडचं, बरडाचं गाव, हलकी जमीन, पन पळायला लय चांगली, काय सांगू तुमाला ताई, पाऊस उघडला की घंट्याभरात कोरडं. शाळंत खो-खो खेळायची मी, खांबापशी अशी गिरकी घ्यायची की गुरुजी म्हनायचे ही कौसल्या न्हाई, भोवरा हाय. सोळाव्या वर्षी लगीन झालं आन हितं आले, ताडकळसच्या शिवारात, काळ्या रानात. शाळा ऱ्हायली, खो-खो ऱ्हायला. रडले का? रडले की ओ, खोटं कामून बोलू. मंग लेकरं झाली, म्हशी आल्या, आन त्यो इषय मी कुनापशी काढलाच न्हाई.

तर तीन वर्षाखाली पोराचं लगीन करायला निघालो. पोरगी बघायला गेलो तव्हा मी इचारलं सैपाक येतो का, तर ती म्हनली थोडा येतो, खो-खो लय येतो. मी तिथंच म्हनलं, हीच. मालक माज्याकडं बगायलेत, हिला काय झालं म्हनून. जिल्ह्याच्या संघात खेळलेली पोरगी, अश्विनी नाव. मी तिला सबुद दिला, तुजा खेळ आमच्या घरात बंद पडनार न्हाई. सबुद तर देऊन बसले, आन मैदान कुटं हाय गावात?

घराच्या मागं मोकळी जागा होती, आदी बैलं बांधायचो, आता ट्रॅक्टर आलं. पैल्या उन्हाळ्यात ती तिथंच पळायली, आन आपली काळी माती तुमाला म्हाईत हाय, वैशाखात अशी उलते की भेगंत कोपरापस्तोर हात जातो. तिचा पाय गेला भेगंत. घोटा हा एवढा सुजला. हळद लावू लावू मी हैराण, आन बोलनं कुनाला बसायलंय, मालकाला. म्हनलं दोन दिसात मुरूम आना.

आनला, खोटं न्हाई बोलायची. पन मी म्हनलं आदी काळी उकरा, मंग मुरूम भरा, तर मानूस उखडलाच. सोन्यावानी माती, बापजाद्याची, ती काढून दगड भरू? येडी झालीस का? खरं सांगू का ताई, माजाबी जीव झाला न्हाई. शेतकऱ्याच्या घरात काळी माती काढून टाक असं कोन म्हनंल? मंग टाकला मुरूम वरच्यावर, रोलर फिरवला, लय झकास दिसायला लागलं. पाऊस लागला आन खालची काळी फुगली, सगळा मुरूम गिळून बसली बगा, वर निस्ता रबरबाट, कोंबड्याबी तिकडं जाईनात. दिवाळीच्या टायमाला जिल्ह्याची निवड होती. सराव न्हाई म्हनून अश्विनी गेलीच न्हाई. एक दिवस पायलं तर ती बूट पुसून, पेपरात गुंडाळून पेटीत ठुवायली. सासूला ती आत्याच म्हनती, म्हनली, जाऊ द्या आत्या, घरचं काम काय कमी हाय का. आन हासली. त्या हासन्याची मला लय चीड आली, कारन लगीन ठरलं तव्हा मीबी अशीच हासले होते.

दुसऱ्या दिशी सकाळी कुदळ घेतली आन एकटीच उकरायला लागले. मालक दारात उभे. म्हनलं, ही माती फेकायची न्हाई, आपल्या वरच्या बरडाला टाकू, तिथं हरभरा येईल. मालकानं माज्या हातातली कुदळ काढून घेतली. मंग म्हनले, सरक, हे कुदळीचं काम न्हाई, आन पोराला जेसीबी बोलवायला लावला. मांडीइतकं खोल काढलं, खाली मुरूम भरून, पानी मारून ठोकला, आन वरून पांढरी माती. ही कल्पना माजी, बरं का, लिवा तुमच्या पेपरात. जुन्या गावठानात आमची पडकी भित हाय, तिथली. आदी लोक मातीच्या घराच्या छतावर हीच टाकायचे, ती ना फुगती ना उलती. मंग खळं करतो तसंच केलं, भुसकट मिसळून भिजवली, सगळ्यांनी तुडवली, चोपन्यानं चोपली, मदी जरा उंच आन कडंनं चर, पानी थांबायलाच नको. बाभळीचे दोन खांब मालकानं सोता तासले.

एक येडेपना मात्र केला मी. हौसंच्या भरात अंगनावानी शेनानं सारवलं ते मैदान, रांगोळी तेवढी ऱ्हायली होती. अश्विनी पळायली ती घसरून थेट मालकाच्या पायापशी. मालक म्हनले, आशीर्वाद पायजे तर सांगायचं ना बाई, एवढ्या लांबून कामून आलीस. लय हासलो. मंग ते सगळं खरडून काढलं.

औंदाचा पावसाळा झाला, दोन घंट्यात मैदान कोरडं. गावातल्या लेकी-सुना येतात खेळायला, त्यांच्या सासवा आदी नाकं मुरडायच्या, आता कडंला बसून वरडायल्यात, धर धर धर! आन आठ दिसाखाली निवड झाली, आमची अश्विनी संघात आली ताई! पेढा घ्या, मी आपली बडबडच करायले.

निवडीच्या दुसऱ्या दिशी खेळायला एक पोरगी कमी पडली. अश्विनी म्हनली, आत्या, तुमी निस्तं मैदानातल्या चौकात बसा, खो देत न्हाई तुमाला. बसले गुडघे मोडून. आन त्या भवानीनं मागून येऊन पाठीवर थाप मारली, खो! सोळाव्या वर्षापून माज्या पाठीला खो लागला न्हवता. मी काय बसते का मंग? पदर खोसला आन पळाले, खांबाला हात लावून तशीच गिरकी मारली, पुडची पोरगी हासू हासू थांबली आन मी तिला धरलं. थांबली म्हनून सापडली, हे लिवू नका. मालक उठून टाळ्या वाजवायलेत, आन मी त्या पांढऱ्या मातीत बसून रडायले, आनंदानं, खरंच आनंदानं.

गुडघा दुखायलाय अजून, दुखू द्या. तुमच्याबी लेकीबाळींला असं पळायला मिळो. उठा आता, ऊन उतरलं, पोरी येतील, मैदानावर पानी शिंपायचंय मला.