परस्पर बसवलेल्या पॉवर सप्लायबाबत

नाव: कागदोपत्री वेगळे, सगळे 'स्केलकाका' म्हणतात. वय ६१. धंदा: घरांचे नकाशे काढणे. राहणार: दवाखान्याच्या वरचा मजला.

मी पोलीस ठाण्यात समक्ष येऊन, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नीसह राहतो. मुलगी नोकरीमुळे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. ती दर रविवारी येत असे.

गिऱ्हाइकांना हल्ली कागदावरचा नकाशा पुरत नाही, घर पडद्यावर फिरवून दाखवावे लागते. त्यासाठी मी कॉम्प्युटरला मोठे ग्राफिक्स कार्ड आणून स्वतः बसवले. मुलगी म्हणाली, "बाबा, कार्ड एवढं दांडगं आणि पॉवर सप्लाय जुनाच? भार आला की मशीन बंद पडणार." मी म्हणालो, "कालपर्यंत माझ्या मांडीवर बसून माउस हलवत होतीस, आता मला शिकवतेस?" यानंतर आणखी बोलणे झाले. त्याचा तपासाशी संबंध नसल्याने सांगत नाही. ती जेवायला थांबली नाही. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

कार्ड बसवल्यापासून घर अर्धे फिरले की कॉम्प्युटर बंद पडे. कोणाही गिऱ्हाइकाला स्वयंपाकघर दिसले नाही. मी विजेच्या ऑफिसात तक्रार केली. त्यांचा माणूस मीटर बघून "वीज चांगली आहे" म्हणाला. मला तो उद्धट वाटला.

काल मी एका प्लॉटची मापे घ्यायला गेलो होतो. संध्याकाळी येऊन कॉम्प्युटर लावला, तर घर गच्चीसकट पूर्ण फिरले. मी ते पुन्हा फिरवले. बाजूचे झाकण काढून पाहता आत नवा पॉवर सप्लाय आढळला. धूळ पुसलेली होती. वायरी केसांच्या रबरबँडने नीट बांधलेल्या होत्या. आमच्या दोघांत मिळून रबरबँड लागेल एवढे केस नाहीत.

पत्नीस विचारता ती म्हणाली, "मला काय माहीत? माझा डोळा लागला होता." पत्नी दुपारी कधीच झोपत नाही. ओट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले होते. माझा कप मांडणीत कोरडा होता.

दार, कुलूप शाबूत आहे. काहीही चोरीस गेलेले नाही. हवालदारांनी विचारले, "काका, मग तक्रार कशाची लिहू?" मी म्हणालो, "मी घरात नसताना आली, ह्याची." ते म्हणाले, "अहो, हा काय गुन्हा आहे? फोन करा ना तिला." मी म्हणालो, "फोन करून काय बोलू? तुम्ही अदखलपात्र म्हणून तरी घ्या." मला वाईट वाटले आहे. हे वाक्य मी खोडायला सांगितले, हवालदारांनी खोडले नाही.

माझा कोणावरही संशय नाही. तरी मुलीस चौकशीसाठी बोलवावे. ठाण्यात नको, घरीच. रविवारी मी दिवसभर घरात आहे. तिने जेवून जावे. सप्लाय कमी पडत होता, हे तिचे म्हणणे बरोबर होते, अशी नोंद घ्यावी.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, मी बोललो तसाच आहे. सप्लायची ओळ दोनदा वाचायला लावली. ती ओळ मुलीला फोनवर हवालदारांनीच वाचून दाखवावी, मला ते जमणार नाही. मी बाजूलाच उभा राहतो.