पायाळूचा पाय

नाही, पाय लावणार नाही मी. तीनदा सांगितलं ना तुला, सुरज — उताणा पडू नकोस, उठून बस. बसवत नाही? मग कुशीवर हो, गुडघे पोटाशी घे, चालेल. पण माझ्या पायाकडे बघू नकोस. उसण भरली असती, पाठ धरली असती, तर एव्हाना लावून मोकळा झालो असतो. पायाळू आहे मी, आईच्या पोटातून पाय आधी बाहेर आले. पाच वर्षांचा होतो तेव्हापासून निर्मळ गावची मोठीमोठी माणसं माझ्यापुढे पालथी पडतात — गंगारामाचा पाय लागला की उसण गेली. पण तुझी कुठे पाठ आहे? पाठ म्हणून आलास आणि वाडीतून पाय फाकवून चालत आलास, मला काय दिसत नाही? एका बाजूचं ना? डावं. वर ओढल्यासारखं झालंय? आणि ओकलास वाटेत — शर्टावर आहे, पूस. लाजतोस कोणाला, मी म्हातारा माणूस. कधीपासून? सहा वाजल्यापासून. फुलं खुडताना, एकदम. आता सव्वाआठ झाले. अल्पेशला फोन केलाय, रिक्षा घेऊन येतोय तो, दहा मिनिटं, मग थेट हॉस्पिटल. नाही, पाणी मागू नकोस. ऑपरेशन करायचं झालं तर पोट रिकामं लागतं. तोंड कोरडं पडू दे.

काय? जड उचललं म्हणून असेल? माझा अनुजही तेच म्हणाला होता. सोळाचा होता तेव्हा. केळीचा लोंगर खांद्यावरून उतरवला आणि जांघ धरून खाली बसला. मी म्हटलं, शीर चढली. दुसरं काय म्हणणार मी — गावाची शीर मी उतरवतो आणि घरच्या पोराला डॉक्टरकडे नेऊ? लोक हसले असते. एरंडाचं पान शेकून बांधलं, मग इथेच, या चटईवर, त्याला उताणा पाडला आणि जांघेत टाच दिली. त्याच्या आईने हात धरले होते — तिने आपणहून नाही, मी धरायला लावले होते. ओरडत होता. ‘पुरुष ना तू?’ म्हणालो. हळूच म्हणालो, माझा आवाज कधी चढत नाही. सगळे म्हणतात, गंगाराम किती मऊ माणूस. टाच काही काढली नाही. दुपारपर्यंत तीनदा दिली. दुसऱ्या दिवशी त्याचं दुखायचं थांबलं — थांबलं, आणि मी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, बघा, उतरली शीर —

काय म्हणालास? कमी वाटतंय? आत्ता? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस. नाही, घरी नाही जायचं. खाली बस. ऐक, अरे, ऐक आधी. अनुजचं थांबलं ना, ते बरं होऊन नाही थांबलं. ते मेलं म्हणून थांबलं. मेलेलं दुखत नाही. चौथ्या दिवशी ताप चढला, सुजून हे एवढं झालं, तेव्हा नेलं. डॉक्टरनी कापून काढलं आणि मला आत बोलावून दाखवलं. काळं. जांभळासारखं काळं. म्हणाले, गोटी ज्या देठावर लोंबते त्याला पीळ बसतो, रक्त वर जात नाही. सहा तासांच्या आत आणलं असतंत तर पीळ सोडवून वाचवली असती. मी दोनदा वदवून घेतलं त्यांच्याकडून, सहा ना? सहाच. तुझा पीळ आपोआप सुटला असेल, असंही होतं म्हणे. पण सुटला की मेलं, ते तुला कळत नाही आणि मलाही नाही. आणि सुटलेला परत बसतो. हळूहळू दुखायला लागलं, ताप आहे, लघवीला जळजळतंय, तर तेही डॉक्टरकडेच — पण तिथे चालत गेलं तरी चालतं. असं एकदम आलं की धावायचं.

एकदा चुकतं माणसाचं, म्हणतोस. चांगला आहेस तू. एकदा. हो ना.

अनुजचं मी कोणाला कळू दिलं नाही. अपेंडिक्स सांगितलं गावात. वर्षाने चांदीपचा रामू आला, लग्न ठरलेलं होतं त्याचं. तुझ्यासारखाच चालत आला. मला दारातच कळलं — कळलं रे, न कळायला काय झालं! पण ओट्यावर चार माणसं पाठ दाखवायला बसली होती. डॉक्टरकडे जा म्हटलं असतं तर विचारलं असतं ना कोणीतरी, का रे गंगाराम, तुझा पाय नाही चालत आता? अनुज आतल्या दारात उभा होता. माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि टाच दिली. जोर लावून दिली, म्हणजे बघणाऱ्याला शंका नको. दुसऱ्या दिवशी रामूचा भाऊ नारळ घेऊन आला. दुखायचं थांबलं म्हणाला, तुमचे उपकार. थांबलं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. नारळ घेतला मी. बायकोने आमटीत घातला. अनुज ताटावरून उठला तो मामाकडे बोळिंजला गेला, तो अजून गेलेलाच आहे. मुलगी झालीय त्याला, खुशी. डॉक्टर म्हणालेच होते, एकावर सगळं होतं. फोटो पाहिलाय मी, दुसऱ्याच्या मोबाईलवर.

आता कसा बघतोस माझ्याकडे. बघ. पण घरी जाणार नाहीस ना?

आला अल्पेश. ऊठ, भिंतीला धरून ऊठ, मी हात देत नाही. तिथे गेल्यावर पोट दुखतंय म्हणू नकोस, काय दुखतंय ते सांग — सहाला, एकदम, डावं, ओकलो. बाई असली समोर तरी सांग. थांबा म्हणाले तर ओरड. कमी झालंय हे सांग, पण परत पाठवलं तर हलू नकोस, तपासून घे. मी? मी कशाला येऊ तिथे. आणि बरा झालास तर सांगायला येऊ नकोस. नाही झालास — तरी येऊ नकोस. अल्पेश, काढ रे गाडी.