शाळा सोडल्याचे कारण

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय मारुतराव आबा, व्यासपीठावरील सरपंच राजनंदिनीताई, माझे सहकारी, निमोण्याहून आणि न्हावऱ्याहून कामं टाकून आलेले पालक आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, माझ्या चौदा वर्षांच्या मुख्याध्यापकीचं कौतुक केलंत. आबा आत्ता म्हणाले, "मुलींच्या पाळीच्या दिवसांची सोय सर्जेराव सरांनी केली." आबा, तुमचा शब्द मी आजवर खाली पडू दिला नाही. आज मात्र तो दुरुस्त करतो. ती सोय मी केली नाही. मी ती दोन वर्षं कुलपात ठेवली होती.

त्या वेळी शाळेत एकही शिक्षिका नव्हती. तालुक्याहून पॅडची चार खोकी आली. मुलींना काय सांगायचं, पॅड कसे वाटून द्यायचे? मला लाज वाटली. खोकी माझ्या कपाटात गेली आणि किल्ली खिशात.

नववीत गौतमी नावाची मुलगी होती. भूगोलाच्या पेपरला वर्गावर मीच होतो. ती जवळ आली, हळूच म्हणाली, "सर, मला घरी जायचंय."

"काय झालं?"

ती खाली बघत राहिली. मला समजलं. मला दोन मुली आहेत, समजणार कसं नाही? तरी म्हणालो, "पेपर संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

ती दीड तास बसून राहिली. घंटा झाल्यावर उठली, तर बाकावर डाग. मागची मुलं हसली. मी त्यांच्यावर ओरडलो, एवढंच. ती पुन्हा शाळेत आली नाही. पुढं मी 'सतत गैरहजर' लिहून तिचं नाव पटावरून कमी केलं.

आपल्या गावच्या आशा सेविका धुरपदाबाई मागं बसल्यात, पुढं या म्हटलं तरी आल्या नाहीत. गौतमीच्या आईकडून त्यांना सगळं कळलं आणि त्या थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "सर, ती खोकी कुठं हायेत?"

मी कपाट उघडलं. निम्मी उंदरांनी कुरतडली होती.

"पोरींनी तुमच्याकडं मागायची तरी कशी? द्या ती किल्ली."

सोय तिथून सुरू झाली. दर महिन्याला मुलींशी त्या बोलल्या, घरोघरी आयांना त्या भेटल्या, मुलींच्या संडासाला आतून कडी त्यांनीच लावून घेतली. शाळेत त्या सोयीचा फलक लागला, त्यावर नाव माझं लागलं आणि मी ते लागू दिलं.

गेल्या महिन्यात मी दौंडला गौतमीच्या सासरी गेलो. सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून दहावीला बसतेय. शाळेचा दाखला हवा होता, तो मी स्वतः नेला. आजचं आमंत्रणही दिलं. दाखला वाचताना ती 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यापाशी थांबली.

"सर, तवा तुम्हाला कळलं न्हवतं का?"

"कळलं होतं."

तिनं दाखल्याची घडी घातली. मग म्हणाली, "मला वाटायचं, सरांना कळलंच नसंल. म्हणून राग न्हवता धरला."

तिनं चहा दिला. आज मात्र ती आलेली नाही.

धुरपदाबाई, तुमचे आभार मी कधी चारचौघांत मानले नव्हते. आज मानतो. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या दिवशीचं मात्र घालू नका.